आईला सांग

गोष्ट सांगण्याची कार्यशाळा असते हे ऐकून मला आधी हसूच आलं होतं. दिल्लीत मुनिरकेच्या ज्या खोलीत मी राहते, तिथे माझ्यासमोर कितीतरी मुली आल्या आणि गेल्या, आणि सगळ्यांची गोष्ट एकच होती. स्पर्धा परीक्षेच्या प्रिलिम, मेन्स, घरचा फोन. माझी तर तीही संपली होती. शेवटचा अटेम्प्ट गेला, वयाची अट ओलांडली, आणि तिकडे उदगीरला अण्णांना अजून वाटतंय की पोरगी अभ्यास करतेय. शिकवण्या करून मी दिल्लीत नुसती टिकून होते. कशासाठी, हे कोणी विचारू नये म्हणून मी आधीच लोकांवर खेकसायचे.

अलकाताई माझ्या शिकवणीतल्या एका मुलीची आई. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी त्यांच्या रेवतीला बारावीचा इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवायचे. रेवतीचे वडील, शांताराम सर, एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आणि कॉलनीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात त्यांच्याइतकं गोड बोलणारा दुसरा माणूस नव्हता. गणपतीत माइक हातात घेतला की बायका भाजी चिरायची थांबवून ऐकायच्या. मलाही ते ‘वैजयंतीताई’ म्हणायचे, मी वयाने त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान असून.

त्या घरातली एक गोष्ट मला दिसत होती, पण कळत नव्हती. सर ऑफिसमधून आले की हॉलमधून म्हणायचे, “रेवती, आईला सांग, चहा दे.” अलकाताई तिथेच, हाताच्या अंतरावर, टेबल पुसत असायच्या. रेवती वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, “मम्मी, पप्पांना चाय.” मग चहा यायचा. अलकाताई कप ठेवताना म्हणायच्या, “साखर कमी घातलीय, चालेल ना?” त्याला उत्तर यायचं नाही. मला वाटायचं, असेल एखाद्या घराची पद्धत. आपल्याला काय करायचंय.

मे महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये ती कार्यशाळा सुरू झाली. अलकाताई म्हणाल्या, “तू चल ना माझ्याबरोबर. मला एकटीला नाही जमायचं.” मी गेले ते हॉलला एसी होता म्हणून. माझ्या खोलीत दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो.

कार्यशाळा घेणारी तेजश्री कुठल्याशा संस्थेतून आली होती. चांगली मुलगी होती, पण ‘न्याय’ आणि ‘सक्षमीकरण’ हे शब्द ती दुसऱ्यांदा चहा विचारावा इतक्या सहज वापरायची. तिची पद्धत मात्र मला नवी होती. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायच्या. जोडीतल्या दोघींनी एकमेकींना आपली गोष्ट सांगायची, आणि शेवटच्या कार्यक्रमात प्रत्येकीने दुसरीची गोष्ट ‘मी’ म्हणून सांगायची. स्वतःची नाही. कोणाची गोष्ट कोण सांगतंय, हे प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही. “आपलं दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते वेगळं दिसतं,” तेजश्री म्हणाली.

माझ्या चिठ्ठीत अलकाताईंचंच नाव निघालं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, मी हिला काय सांगणार आणि ही मला काय सांगणार. सरकारी क्वार्टर, मंडळाच्या अध्यक्षांची बायको, मुलीला बेंगळुरूच्या कॉलेजात ॲडमिशन मिळालेली. हिचं दुःख म्हणजे बाई सुट्टीवर गेली, हेच असणार.

म्हणून मी आधी माझं सांगितलं, मुद्दाम, जरा टोचेल असं. माझ्याबरोबर अक्षता नावाची साताऱ्याची मुलगी राहायची. आम्ही एका ताटात जेवायचो, एका बाटलीने पाणी प्यायचो. एकदा माझं जातीचं प्रमाणपत्र टेबलावर पडलं होतं. तिने ते पाहिलं. काही बोलली नाही. संध्याकाळी स्वतःसाठी नवी बाटली घेऊन आली आणि तिच्यावर मार्करने स्वतःचं नाव लिहिलं. भांडण नाही, शिवी नाही. उलट माझ्याशी आणखी गोड वागायला लागली. मी रोज त्या नावाकडे बघत अभ्यास करायचे. मग एक दिवस ती खोली सोडून गेली आणि जाताना मला मिठी मारली.

मला वाटलं, आता अलकाताई ‘अगंबाई’ म्हणतील, नाहीतर आजकाल असं काही राहिलं नाही म्हणतील. त्या तसलं काहीच म्हणाल्या नाहीत. “न बोलता केलं ना तिने?” त्या म्हणाल्या. “ते मला कळतं.”

आणि मग त्यांनी त्यांचं सांगितलं.

रेवती पहिलीत होती. मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतला जाते, संक्रांतीच्या दिवशी, रणभूमीच्या स्मारकावर फुलं वाहायला. त्या वर्षीही गेली होती. शांताराम सर बसमध्ये माइकवरून लढाई सांगत होते. रंगात आले होते. मल्हारराव होळकर कसे लढता लढता तिथेच पडले, हे सांगत असताना अलकाताई मागच्या सीटवरून हसत म्हणाल्या, “अहो, होळकर पडले नाहीत तिथे. ते निघून गेले होते, वाचले.” त्यांनी इतिहासात एम. ए. केलेलं. सगळी बस हसली. कोणीतरी म्हणालं, साहेब, घरच्या मॅडमना विचारून तरी यायचं. सरही हसले. उतरताना त्यांनी अलकाताईंना हात देऊन खाली घेतलं.

“तो हात शेवटचा,” अलकाताई म्हणाल्या. “त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.”

“म्हणजे अबोला?” मी विचारलं.

“अबोला दोन दिवसांचा असतो गं. याला काय म्हणायचं मला माहीत नाही. काही हवं असलं की रेवतीला सांगतात. ती शाळेत असली की वाट बघतात. मारत नाहीत, ओरडत नाहीत, पैशाला कमी नाही. आईकडे जाऊन काय दाखवू? माहेरी एकदा म्हटलं, तर वहिनी म्हणाली, नवरा भांडत नाही, नशीबवान आहेस.”

“आणि तुम्ही?”

“मी बोलते की. रोज बोलते. जेवायला वाढलंय, लाइट गेली होती, तुमच्या मित्राचा फोन आला होता. मी कधी रेवतीकडून निरोप पाठवला नाही. एक दिवस तोंडातून चुकून उत्तर निघेल, असं वाटतं. पण जुलैत रेवती जाईल. मग ते कोणाला सांगणार, आईला सांग म्हणून? घरात आवाजच उरणार नाही, वैजयंती. मला भीती वाटते. खरंच भीती वाटते. रात्री उठून मी तिच्या बॅगेकडे बघत बसते.”

माझ्या मनात मी दुःखाचे नंबर लावून बसले होते, माझा पहिला, त्यांचा शेवटचा. त्यांच्या हाताचं बोट टेबलावर उगाच रेघ ओढत होतं आणि मला माझी लाज वाटत होती. मी म्हटलं, “तुम्हाला काय हवंय? मी सांगेन ना स्टेजवरून. काय हवंय तुम्हाला त्यातून?”

“एक वाक्य,” त्या म्हणाल्या. “रेवती जायच्या आधी त्यांनी माझ्याशी एक वाक्य बोलावं. शिवी दिली तरी चालेल.”

कार्यक्रमाला सर असणार होते, अध्यक्ष म्हणून आभार त्यांनीच मानायचे होते. अलकाताईंचा सगळा हिशोब त्यावर होता. घरात त्यांचं बोलणं सरांच्या कानावरून जायचं, पण भरल्या हॉलमध्ये, दुसऱ्या बाईच्या तोंडून, पुढच्या रांगेत बसून ऐकावंच लागेल.

रिहर्सलला तेजश्रीने दोन दुरुस्त्या सांगितल्या. पानिपत काढायचं, नुसतं ‘सहल’ म्हणायचं, कारण ओळख पटता कामा नये. आणि शेवट बदलायचा. “शेवटी बाई उभी राहताना दिसली पाहिजे,” ती म्हणाली. “लोकांनी घरी होप घेऊन जायला हवं.”

हे मला चांगलं ठाऊक होतं. कोचिंगमध्ये आम्हाला हेच घोटवलं होतं, प्रश्न दुष्काळाचा असो की दंगलीचा, उत्तराचा शेवट आशेवर करायचा, नाहीतर मार्क जातात. इतकी वर्षं मी असे शेवट लिहिले आणि काय मिळालं? मी तिला म्हटलं, “मॅडम, बाई उभीच आहे. स्वयंपाकघरात. तिला बसायला मिळेल का, हा प्रश्न आहे.” तेजश्रीने पुढच्या जोडीला बोलावलं. बिचारीचा काही दोष नव्हता.

बाहेर आल्यावर अलकाताईंनी माझा दंड धरला. “पानिपत ठेव,” त्या म्हणाल्या. “नाहीतर ते म्हणतील, असेल कोणीतरी.”

“पण बसमधल्या बाकीच्यांना कळलं तर?”

“त्यांना आठवणारही नाही. ते हसून विसरले. विसरले नाहीत ते एकच.”

कार्यक्रम जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी होता. रेवतीची ट्रेन दुसऱ्या दिवशी, रविवारी. हॉल भरला होता. मुनिरकेहून माझ्या ओळखीच्या दोन-तीन पोरी फुकटच्या समोशांसाठी आल्या होत्या. शांताराम सर पुढच्या रांगेत, पांढरा कुर्ता, प्रत्येकाची विचारपूस करत. माझीही केली. “काय वैजयंतीताई, आज आम्हाला रडवणार का?”

अलकाताई माझ्या आधी उठल्या. त्यांना माझी गोष्ट सांगायची होती. मला वाटलं होतं, बाईंचं तोंड सुकेल. पण त्यांनी पदर खोचला आणि सुरुवात केली, “मी आणि ती एका बाटलीने पाणी प्यायचो.” काय आवाज होता त्यांचा. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. बाटलीवरच्या नावाशी आल्यावर त्या म्हणाल्या, “तिने मला एक शिवी दिली असती तर मी तिला दहा दिल्या असत्या. पण तिने माझ्याशी भांडण्याचासुद्धा हक्क ठेवला नाही.” हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांचं होतं आणि माझंही होतं. माझे डोळे भरून आले. मी सरांकडे पाहिलं. ते मोबाइलवर काहीतरी बघत होते.

मग मी उठले. माइक हातात घेतला आणि म्हटलं, “आमच्या मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला जाते.”

सरांनी मोबाइल उलटा मांडीवर ठेवला.

मी सगळं सांगितलं. माइक, होळकर, बसमधलं हसू, खाली उतरताना दिलेला हात. मुलीकरवी येणारा चहाचा निरोप. मी ‘मी’ म्हणत होते आणि खरंच सांगते, बोलता बोलता मला तो वर्षानुवर्षांचा गप्पपणा अंगावर आल्यासारखा झाला. शेवटी मी सरांकडेच बघत म्हटलं, “उद्या माझी मुलगी शिकायला जाणार. परवा सकाळी मी चहा करीन. तो झालाय, हे मी कोणाला सांगू?” आणि खाली उतरले. शेवटी आशाबिशा काही नाही.

टाळ्या पडल्या. मागून एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसले. रेवती दुसऱ्या रांगेत बसली होती. ती माझ्याकडे विचित्र बघत होती.

आणि शांताराम सर माइककडे गेले. अलकाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

सर सुंदर बोलले. त्यांना आणखी काय येतं. घराघरातला संवाद हरवत चाललाय, म्हणाले. आपण जगाशी बोलतो आणि आपल्या माणसाशी बोलायचं राहून जातं, म्हणाले. तेजश्रीचे आभार, हॉलचे आभार, समोशांचे आभार. मग जरा थांबले, हसले, आणि म्हणाले, “आणि हो. ती जी पानिपतची गोष्ट आपण ऐकली, त्यातल्या बाईंचं बरोबर होतं बरं का. मल्हारराव तिथे पडले नव्हते. चूक माइकवाल्याचीच.”

लोक हसले. प्रसन्न हसले, किती मोकळा माणूस म्हणून. माझ्या मनगटावरची पकड सुटली. मी वळून पाहिलं तर अलकाताईंचा चेहरा ओळखू येईना. पहिल्यांदाच त्यांचे दात दिसत होते. “ऐकलंस?” त्या कुजबुजल्या. “बरोबर होतं म्हणाले. माझं बरोबर होतं.” त्यांनी पटकन केस सारखे केले, पदर सारखा केला. एखादी मुलगी बघायला येणाऱ्यांसमोर जाताना करते ना, तसं. ते बघून मला रडू आवरेना. मला वाटलं, आता बोलतील. या माणसाला आता बोलावंच लागेल.

सर लोकांशी हात मिळवत आमच्याकडे आले. अलकाताई आणि मी अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. ते समोर थांबले. अलकाताईंनी तोंड किंचित उघडलं, उत्तर आधीच ओठांवर आल्यासारखं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, छान हसले आणि म्हणाले,

“वैजयंतीताई, फार छान बोललात. जरा अलकाला सांगता का, मी गाडी काढतोय म्हणून.”

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून अलकाताईंचं नाव निघालं, आणि ते मला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “सर, त्या इथेच उभ्या आहेत. तुम्हीच सांगा.”

“हो ना,” ते म्हणाले, तितक्याच गोड आवाजात. “सांगा तेवढं.” आणि किल्ली वाजवत बाहेर गेले.

मी अलकाताईंकडे बघायला धजले नाही. आजूबाजूला खुर्च्या उचलल्या जात होत्या. मग मला त्यांचा आवाज आला, अगदी साधा. “काय म्हणाले गं?”

“तुम्ही ऐकलंत, ताई.”

“तू सांग ना.”

मी सांगितलं नाही. मला सगळ्यांचाच राग आला होता, अलकाताईंचाही, सरांचाही, आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या अख्ख्या हॉलचाही. मी त्यांच्यासाठी रेवती व्हायला तयार नव्हते. बाहेर हॉर्न वाजला. रेवती धावत आत आली. “मम्मी, चल ना, पप्पा बुला रहे हैं.” तिने ते इतक्या सहज म्हटलं, जसं रोज म्हणते. पोरीला काय कळणार, तिने जन्मभर हेच पाहिलं. तिच्या लेखी घर असंच असतं.

अलकाताईंनी पर्स उचलली. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. एकदम थकलेल्या दिसल्या, तापातून उठलेल्या माणसासारख्या. त्या रेवतीला म्हणाल्या,

“पप्पांना सांग, मी चालत येते.”

रेवतीने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आईकडून वडिलांसाठी निरोप तिला आजवर कधी मिळाला नव्हता. “तूच सांग ना, मम्मी. तू तर डायरेक्ट बोलतेस.”

“नाही,” अलकाताई म्हणाल्या. “आता तू सांग.”

ती गेली. गाडी निघून गेल्याचा आवाज आला. मी अलकाताईंना कॉलनीच्या गेटपर्यंत सोडलं. मला त्यांना मुनिरकेला घेऊन जावंसं वाटलं, त्या बिनखिडकीच्या खोलीत, पण मी काय म्हणून नेणार होते. गेटवर त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि आत गेल्या.

रविवारी रेवतीचा ट्रेनमधून मेसेज आला. दीदी, कालची स्टोरी आमची होती का. मी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी ‘हो’ एवढंच लिहिलं. तिचं काही उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी मी अलकाताईंना फोन केला. घंटा बराच वेळ वाजली. त्यांनी उचलला.

“चहा झाला का, ताई?” मी विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

त्या उत्तर देणार तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. नेहमीचाच, हॉलमधून येतो तसा. “रेवती, आईला सांग—”

आणि तो तिथेच तुटला.

मी फोन कानाशी गच्च धरून उभी राहिले. अलकाताईही ऐकत होत्या, मला त्यांचा श्वास कळत होता. पुढचं वाक्य येईल, आता तरी येईल, दुसरं कोणी घरात नाहीये, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. एक खुर्ची सरकली. पेपरचं पान उलटलं. बस.

“झाला गं चहा,” अलकाताई म्हणाल्या. “एकटीचाच केला.”